वर नेलेली माती

मु. देवकुळी, ता. खानापूर
ता. २१ ऑगस्ट १९३८

तीर्थस्वरूप मनुवैनीस,

शामूचा साष्टांग नमस्कार. आम्ही इकडं खुशाल, तुमची खुशाली कळवावी, असं लिहायची रीत हाय म्हणून लिहिलं. कागद पाऊस मोजायच्या वहीतला हाय, मागच्या बाजूला आकडे दिसतील, तिकडं लक्ष देऊ नको.

हे पत्र यल्लाप्पा दाजीच वाचून दाखवत असणार. दाजी, नमस्कार. वखारीत दिवसभर तंबाखू जोखून आलासा आणि बायकोच्या बहिणीला आलेलं पत्र वाचायला बसवलं असेल, तर आधी च्या घ्या. नागुआक्कालाबी नमस्कार सांगा.

वैनी, तू निपाणीला गेल्यापासनं म्हस मला लाथा मारते. धार शेजारची रुक्माबाई काढून देते. रेडी आता दावं तोडायला बघते. भाकरी मीच थापतो. काल भरमूआप्पा त्यांच्या शेताच्या बांधावरनं आले, भाकरी हातात धरून उजेडात बघितली आणि म्हणाले, ही भाकरी न्हवं, मुंबई इलाख्याचा नकाशा हाय, बेळगाव कुठं हाय दाखव. टेकाच्या शेतातली नाचणी गुडघ्याला आलीया. भांगलण झाली, आता तण न्हाय.

माझं शेतकी खात्याचं काम चालू हाय. ते काम काय हाय हे मी तुला नीट कधी सांगितलंच न्हाय. पुण्याच्या शेतकी कॉलेजातनं परत आलो, तवापासनं तू बघतीयास, पोरगं पत्रे रोवतंय, खड्डा खणतंय, आणि तू विचारलं न्हाईस, मी सांगितलं न्हाय. आता सांगतो. दाजींना लगेच कळेल, ते जोखणारं माणूस.

डोंगरउतारावर पाऊस पडला की माती खाली येते हे कुणालाबी माहीत हाय. पण किती येते? एवढा उतार, एवढा पाऊस, तर एवढी माती, असं घरात बसून सांगता आलं पाहिजे. म्हणून मी परड्यात ती तिरकी लाकडी पेटी मांडली होती. तिच्यात टेकाची माती भरून वरनं झारीनं पाणी सोडायचो आणि तू म्हणायचीस, शामू भातुकली खेळतोय. त्या भातुकलीवरनं मी एक गणित बसवलं. मग ते गणित खरं का खोटं बघायला टेकाच्या शेतात पाच गुंठ्यांचा पट्टा पत्र्यांनी आखला आणि खालच्या अंगाला गिलावा करून खड्डा केला. उतरलेली माती खड्ड्यात जमणार, सकाळी आठला मी ती उपसून जोखणार. एवढंच.

गणित म्हणायचं बारा बुट्ट्या माती. खड्ड्यात निघायच्या दोन. मी गणित तीनदा बदललं.

असो. एक विचारायचं होतं. मिरगापासनं नागपंचमीपर्यंत तू खड्ड्यातनं रोज किती बुट्ट्या माती काढून वर नेलीस, काही आठवतं का? आठवत असेल तर दाजींना सांगून लिहून घे. माझ्या कामाला लई उपयोग होईल.

त्या दिवशी थोडं बोलणं झालं, ते मनावर घेऊ नको.

तुझा,
शामू


देवकुळी
ता. ४ सप्टेंबर १९३८

तीर्थस्वरूप मनुवैनीस,

नमस्कार. दाजींचं कार्ड मिळालं. चारच ओळी हायत, मला पाठ झाल्यात. ‘मनुबाई म्हणतात, आठवत नाही. बाकी सर्व क्षेम. थोडं बोलणं झालं असं लिहिलंत, ते काय झालं त्यांनी आम्हाला सांगितलेलं नाही. मी जोखणारा माणूस, थोडं म्हणजे किती शेर ते कळवावे.’

तू सांगितलं न्हाईस. महिना झाला, बहिणीच्या घरात राहतेस, वखारीत दिवसभर तंबाखू निवडतेस, आणि सांगितलं न्हाईस. मला वाटलं होतं सगळ्या निपाणीला माहीत असेल.

दाजी, आता मी सांगतो. हे आत बसून हळू वाचू नका. मी जे बोललो ते भांगलणाऱ्या आठ बायका आणि भरमूआप्पांच्या समोर बोललो, तर तुम्हीबी सोप्यात बसून, शेजारपाजारचे असतील त्यांच्यासमोर वाचा.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मी आठच्या ऐवजी सहालाच शेतात गेलतो. रात्री चार इंच पाऊस झालता आणि मला ऱ्हावत न्हवतं. बघतो तर वैनी खड्ड्यातनं वर चढत होती, डोक्यावर मातीची बुट्टी. खड्ड्यात तळाला नुसता गाळ उरलेला. तवा मला कळलं की दोन महिने मी जे जोखत होतो ते वैनीनं ठेवलेलं उरलंसुरलं होतं. आणि ते आकडे घेऊन मी जुलैतच खात्याला कळवून बसलो होतो की ह्या उतारावरनं माती फारशी जात न्हाय.

मग मी बोललो. तू अडाणी हायस, तुझ्यामुळं माझं वर्ष पाण्यात गेलं, असं बोललो. तिथं थांबलो असतो तर त्याला थोडं म्हणता आलं असतं. वैनी म्हणाली, अरं, शेतातली माती शेतात न्हेली, माझ्या शेतात मी काय वंगाळ केलं? तवा मी म्हणालो,

“तुझं शेत कुठनं आलं? शेत माझ्या नावावर हाय. दोन घास मिळतात तेवढं खा आणि गप ऱ्हा.”

दाजी, हे किती शेर झालं ते तुम्हीच बघा.

वैनी, तुझ्या डोक्यावर बुट्टी तशीच होती. तू विचारलंस, “मग ही कुठं टाकू?” तू ती तिथंच मधल्या सरीत खाली ठेवलीस आणि गेलीस. तिसऱ्या दिवशी भरमूआप्पांनी तुला खानापूरच्या स्टेशनात बघितलं.

मी सहा वर्षांचा असताना तू ह्या घरात आलीस. दादा हिवतापानं गेला तवा मी तेरा वर्षांचा होतो, आणि तुझा बाप तुला न्यायला आलता. तू गेली न्हाईस. पोरगं शाळेत जातंय, त्याचं शिक्षान होऊ दे, म्हणालीस. ते शिक्षान झालं, आणि त्यातनं हे निघालं.

अजून एक हाय, ते मी भरमूआप्पांनाबी सांगितलं न्हाय. मिरगाच्या आदल्या दिवशी जेवताना मीच तुला म्हणालो होतो, वैनी, खड्डा रोज रिकामा झाला पाहिजे, कालची माती आजच्यात मिसळली की सगळं वाया. म्हणालो होतो. मला तो दिवस, ते ताट, ताटातली हुलग्याची आमटीसुद्धा आठवते. जोखून झाल्यावर रिकामा, हे माझ्या डोक्यात होतं, तोंडातनं आलं न्हाय. तू रिकामा करत होतीस. मी उठायच्या आत करत होतीस, मला त्रास पडू नये म्हणून. त्या दिवशी शेतात तू हे सांगितलं असतंस तर माझं तोंड तिथंच बंद झालं असतं. तू तेबी सांगितलं न्हाईस.

तू गेल्यावर चार दिवस मी खड्ड्यातली माती जोखून पत्र्याच्या पलीकडं टाकली. बरोबर बारा, चौदा, दहा, तेरा बुट्ट्या. आकडे झकास. पण पाचव्या दिवशी पट्ट्याच्या वरच्या अंगाला नाचणीची मुळं उघडी दिसायला लागली. रुक्माबाई भांगलायला आली होती, ती बघून म्हणाली, मनुबाई गेली ते शेताला कळलं जणू. मी तिला विचारलं, ही माती वर न्यायची रीत कुणी घातली. तिला हसू आलं. तिनं सांगितलं की टेकावर शेत असलेल्या घरात नवी सून आली की पहिल्या पावसाळ्यात तिनं पाच बुट्ट्या वर न्यायच्या, तोवर तिला त्या शेतातलं नवं खायला मिळत न्हाय. तुला माझ्या आईनं नेलं होतं, रुक्माबाईबी संगं होती. “पाच बुट्ट्या न्हेल्या की शेत बाईला वळखतं,” म्हणाली. मी त्याच घरात जन्मलो आणि मला हे माहीत न्हवतं, कारण सकाळी सहाला मी झोपलेला असायचो.

तवापासनं मी माती जोखतो आणि जोखून वर नेतो. तुझीच बुट्टी घेतली. पहिल्या दिवशी भरमूआप्पा बांधावर तंबाखू मळत बसले होते, म्हणाले, “शामराव, डिग्री डोक्यावर घेऊन कुठं निघालासा?” तिसऱ्या खेपेला मान मोडली. रुक्माबाई म्हणाली, गच्च भरायची न्हाय, चार बोटं कमी भरायची, आणि वर जाऊन कुठंबी ओतायची न्हाय, मनुबाई जिथं पाणी धरतं तिथं टाकायची. म्हंजे कुठं, विचारलं. ते तिलाच दिसायचं, म्हणाली. मी अंदाजानं टाकतो. निम्मी दुसऱ्या पावसात परत खड्ड्यात येते.

आता मुद्द्याचं. सरकारच्या मनात असं हाय की जास्त उतारावरची नाचणी बंद करून तिथं झाडं लावायची, कारण माती वाहून जाते. कुठं बंद करायची हे ठरवायला खातं आकडे मागतंय. मी जुलैत पाठवलेल्या आकड्यांवर आपलं टेक वाचतं. खरे आकडे पाठवले तर जातं. आपलं जातं, भरमूआप्पांचं जातं, रुक्माबाईचं जातं. मी खरे अजून पाठवले न्हाईत. तुझ्या बुट्ट्या किती होत्या हे माहीत न्हाय, म्हणून पाठवता येत न्हाईत, असं मी स्वतःला सांगतोय.

पत्राला उत्तर पाहिजे असं न्हाय.

शामू


देवकुळी
ता. ९ ऑक्टोबर १९३८

तीर्थस्वरूप मनुवैनीस,

नमस्कार. तुझं तीन पानी पत्र पोचून पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण काही गोष्टी होऊन मग लिहायचं ठरवलं होतं. दाजी, तुमचं अक्षर वखारीच्या पावत्यांवर कसं चालतं? एक ओळ लावायला मला आणि पोस्टमनला मिळून अर्धा तास लागला.

वैनी, तू क्षमा केली का न्हाय ते त्यात कुठं लिहिलेलं न्हाय, मी दोनदा बघितलं. नुसता हिशेब हाय. पण तसला हिशेब मी कॉलेजात बघितला न्हाय. म्हस व्याली त्या सकाळी पंधरा. रुक्माबाईच्या न्हाणीवरची कौलं उडाली त्या दिवशी अठरा. बेंदराला सणाची माती डोक्यावर घेत न्हाईत आणि मीबी त्या दिवशी जोखायला गेलो न्हवतो, म्हणून दुसऱ्या दिवशी दोन्ही मिळून तेवीस. भरमूआप्पा बांधावरनं घसरून पडले आणि कुणी हसायचं न्हाय म्हणाले, त्या दिवशी नऊ. असे सव्वीस दिवस. तारीख एकबी न्हाय.

मी पाऊस मोजायची वही घेऊन घरोघर फिरलो. रुक्माबाईच्या कौलांची तारीख तिच्या सुनेनं सांगितली, तिचा भाऊ त्याच दिवशी आलता. भरमूआप्पा पडल्याची तारीख सांगायला तयार न्हवते. पडलोच न्हाय म्हणत होते. शेवटी त्यांच्या बायकोनं आतनं ओरडून वार सांगितला. मग एकेक दिवसाचा पाऊस बघितला, तुझ्या बुट्ट्या लिहिल्या, त्यात मी जोखलेली मिळवली, आणि गणित मांडलं. तीनदा बदललेलं बसलं न्हाय. मग पहिलं काढलं, भातुकलीचं, जे मी खोटं म्हणून फाडून टाकणार होतो. सव्वीसातले बावीस दिवस त्याच्यावर बसले.

एक दिवस मात्र लई आडवा आला. आषाढी एकादशीला तू सहा लिहिल्यास. गणित म्हणतं तेरा. मला वाटलं विसरलीस. आणि पानाच्या कडेला दाजींनी बारीक लिहिलंय, ‘त्या दिवशी पायात काटा भरला, बाकीची तशीच सोडली.’ वहीत बघितलं. बाकी रोज दोन-अडीच, आणि त्या एकाच दिवशी माझ्या खड्ड्यात सात निघाल्या होत्या. पुढं मी प्रश्नचिन्ह केलं होतं. सहा आणि सात. मी वही मिटली आणि परड्यात जाऊन उभा राहिलो. तुझा पाय कसा हाय हे त्या वेळी मी विचारलं न्हवतं, आता विचारतो.

त्याच दिवशी खात्याला लिहिलं. जुलैचे आकडे चुकीचे हायत, चूक माझी हाय, खरे आकडे हे, आणि ते मनुबाईंनी दिलेत. उतारावरनं माती लई जाते. पण वर नेली, तर शेतात राहते. दोन्ही लिहिलं. भरमूआप्पांना आणि रुक्माबाईला आधी सांगूनच लिहिलं. भरमूआप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले न्हाईत. रुक्माबाई म्हणाली, खोटं लिवलं असतंस तर माती काय थांबली असती?

दसरा झाल्यावर खात्याचे साहेब आले. धापा टाकत टेक चढले, पेटी बघितली, खड्डा बघितला, वरची नाचणी बघितली. तुझ्या पट्ट्यात मधोमध मी दोन हातांचा तुकडा तसाच सोडला होता, माती न टाकता, तिथं आता खडक डोकवायला लागलाय. बाजूला नाचणी कमरेला लागते. साहेबांनी खाली वाकून त्या खडकावर बोट फिरवलं. मग म्हणाले, अहो, रिपोर्टात बाईचं नाव कशाला घातलंत? शास्त्रीय काम हाय हे.

मी म्हणालो, “साहेब, गणितात पाऊस धरलाय, उतार धरलाय. ही बाई धरल्याशिवाय उत्तर येत न्हाय.”

“आणि पुढच्या वर्षी ती आली न्हाय तर?”

“तर चार पावसाळ्यांत हे शेत खडक होईल. तेबी लिहिलंय, शेवटच्या पानावर.”

साहेबांनी ते पान काढून वाचलं. नदीपलीकडची उतारावरची शेतं बंद होणार, हे त्यांनी जाता जाता सांगितलं. ते माझ्याच आकड्यांवर होणार हाय, आणि त्या लोकांची घरं मला माहीत हायत. ते मी तुझ्यापासनं लपवत न्हाय. आपलं, रुक्माबाईचं आणि भरमूआप्पांचं टेक तीन वर्षं बघायचं ठरलंय. अट एवढीच, शेत कसणारं माणूस कोण ते लिहून द्यायचं, आणि माती वर नेल्याची नोंद ठेवायची. भरमूआप्पा आता सगळ्यांना सांगतात की आकडे खरे लिहायचा सल्ला त्यांनीच दिला होता.

कसणाऱ्याच्या जागी मी तुझं नाव लिहिलं. लिहिल्यावर लक्षात आलं की नुसतं तिथं लिहून भागायचं न्हाय. मग खानापूरला गेलतो आणि टेकाचं शेत तुझ्या नावावर करायचा अर्ज दिला. कारकून म्हणाला, विधवेला पोटगी देतात, शेत कोण देतंय, तुम्ही शिकलेले दिसता. मी म्हणालो, शिकलोय म्हणूनच उशीर झाला. पुढच्या महिन्यात सात तारखेला, सोमवारी, कचेरीत तुझा अंगठा लागेल. सकाळी अकराला. अंगठा देऊन तू दुपारच्या गाडीनं परत निपाणीला गेलीस तरी कागदावर काही फरक पडणार न्हाय, मी विचारून घेतलंय. दाजी बरोबर आले तर बरं, कागद वाचून बघतील.

घरी चल असं मी म्हणणार न्हाय. तुझी खोली झाडून ठेवलीया.

पाऊस संपला. रानात ऊन पडतंय, सकाळी नाचणीवर दव असतंय. आता एक अडलंय. रुक्माबाई म्हणते नाचणी अजून पंधरा दिवस उभी राहू दे, दाणा भरायचाय. भरमूआप्पा म्हणतात आत्ता काप, न्हायतर पाखरं खातील. दोघं रोज बांधावर येऊन भांडतात आणि मला विचारतात. मी दोघांनाबी सांगितलं, शेत ज्याचं हाय त्याला विचारतो. विळ्याला धार लावून ठेवलीया. कधी कापायची ते कळव. तुझं उत्तर येईस्तोवर एक कणीस तुटणार न्हाय.

तुझ्या शेतावरनं,
शामू